कुष्ठरोगाचा सामाजिक व आर्थिक भार (पुणे)

कुष्ठरोग किंवा महारोग हा मायकोबॅक्टेरियम लेप्री या जंतूमुळे होणारा त्वचेचा व मज्जातंतूंचा जुनाट संसर्ग आहे. डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफॅझिमिन ही औषधे ६ किंवा १२ महिने घेतल्यास तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यांत ती मोफत मिळतात. औषधाला पैसा पडत नाही. घर पोखरले जाते ते उशिरा झालेल्या निदानाने आणि लपवाछपवीने.

संसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी ५ वर्षे, क्वचित २० वर्षेही लागतात. पहिला फिकट वा लालसर चट्टा खाजत नाही, दुखत नाही. न दुखणाऱ्या डागासाठी दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्याच्या रांगेत कोण उभे राहणार? तोवर कोपराजवळची नस जाड होऊन करंगळी व अनामिका वाकू लागतात, तळवे बधिर होतात. वाघोली-हिंजवडीच्या बांधकामांवरच्या गवंड्याला थापी नीट धरता येत नाही. घरोघरी पोळ्या करणाऱ्या बाईला तव्याचा चटका कळत नाही. तळपायाची जखम चिघळली की आठवडेच्या आठवडे पाय टेकायचा नसतो आणि रोजंदारीत भरपगारी रजा नसते. उपचार चालू असताना, कधी ते संपल्यावरही ‘लेप्रा रिॲक्शन’ येते, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या उसळीने चट्टे व नसा सुजतात; मग स्टेरॉइडवर आणखी काही महिने जातात. साइट संपली की मजूर बिऱ्हाड हलवतो आणि गोळ्यांत खंड पडतो.

क्लोफॅझिमिनने कातडी तांबूस-काळपट होते. औषध थांबल्यावर हा रंग हळूहळू निवळतो, पण तोवर शेजारीण विचारतेच, “एवढी काळी का पडलीस गं?” बायकांना हा प्रश्न अधिक महागात पडतो. घटस्फोटाचे कारण म्हणून कुष्ठरोग २०१९ पर्यंत कायद्यात होता. रुग्णांना वेगळे कोंडणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला.

संस्कृत पंडित परचुरेशास्त्री १९३२ मध्ये येरवडा तुरुंगात कुष्ठरोगामुळे इतर कैद्यांपासून अलग होते. तिथेच कैदेत असलेल्या गांधीजींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि पुढे सेवाग्रामला स्वतः त्यांची शुश्रूषा केली. आज कोंढव्यात डॉ. बंदोरवाला कुष्ठरुग्णालय, तर आळंदीजवळ डुडुळगावला आनंदग्राम ही वसाहत आहे. अशा वसाहती आसरा देतात, पण तिथला पत्ता निरोगी मुलांनाही नोकरी-लग्नात चिकटतो.

रुग्णप्रमाण दर १०,००० लोकांमागे एकाखाली आल्यावर २००५ मध्ये देशपातळीवर ‘निर्मूलन’ जाहीर झाले. हा आकडा दिशाभूल करणारा ठरला, कारण जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण अजूनही भारतातच सापडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बरे झालेले कुष्ठरुग्णही येतात, संजय गांधी निराधार योजनेतही त्यांचा समावेश आहे. मात्र झिजलेल्या बोटांचा ठसा रेशन दुकानाच्या ई-पॉस यंत्रावर उमटत नाही, आणि रोगाने डोळेही अधू केले असतील तर बुबुळाचा पर्यायही अडतो.