नाशिकमधील विद्यार्थी वसतिगृहे आणि जेवणाच्या पैशाचा वाद : पार्श्वभूमी

नाशिकला शिकायला येणाऱ्या मुलाने राहायचे कुठे, हा प्रश्न शहरातील पहिल्या महाविद्यालयाहून जुना आहे. ते महाविद्यालय 1924 मध्ये सुरू झाले. तालुक्यांतून शाळेसाठी येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांकरिता त्याआधीच बोर्डिंग निघाले होते आणि 1920 मध्ये खुद्द कोल्हापूरच्या छत्रपतींच्या हस्ते त्याची कोनशिला बसली होती. बोर्डिंगे त्या काळी जातवार असत आणि देणग्या-वर्गण्यांवर चालत. त्यांच्या उणिवा पुष्कळ सांगता येतील, पण मुलाला तिथे घातले की त्याच्या जेवणाची काळजी पालकांना उरत नसे.

पुढच्या काळात शहराची शैक्षणिक घडण जरा विचित्र झाली. दोन राज्यस्तरीय विद्यापीठांची मुख्यालये नाशिकमध्ये आली, पण 1989 चे मुक्त विद्यापीठ दूरशिक्षणाचे आणि 1998 चे आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यभरच्या महाविद्यालयांना संलग्नता देणारे असल्यामुळे, विद्यापीठ आहे म्हणून त्याच्या आवारात हजारो मुलांची राहण्याची सोय आहे, असे चित्र इथे कधी उभे राहिले नाही. शहरातील बहुतेक पदवी महाविद्यालये पुण्याच्या विद्यापीठाशी जोडलेली राहिली आणि वसतिगृहांचा भार महाविद्यालये, शासनाची दोन-तीन खाती आणि कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी भागांतील घरमालक यांच्यात वाटला गेला. यातील शासकीय वसतिगृहांचे महत्त्व नाशिकला इतर शहरांपेक्षा जास्त आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर हे आदिवासीबहुल तालुके याच जिल्ह्यात आहेत आणि आदिवासी विकास खात्याचे राज्याचे आयुक्तालयही इथेच, गडकरी चौकात आहे.

वसतिगृहांच्या अलीकडच्या इतिहासात ज्या एका निर्णयाने सर्वाधिक वाद ओढवून घेतला, तो एप्रिल 2018 चा. तोपर्यंत आदिवासी विकास खात्याच्या वसतिगृहांत ठेकेदारामार्फत मेस चालवली जात असे. शासनाने विभागीय शहरे आणि जिल्ह्याच्या ठिकाणची मेस बंद करून जेवणाची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरवले आणि नाशिकसारख्या विभागीय शहरासाठी ती महिना 3,500 रुपये धरण्यात आली. सर्वजण त्याला तेव्हापासून नुसते ‘डीबीटी’ (थेट लाभ हस्तांतरण) म्हणतात.

निर्णयामागचे कारण पोकळ नव्हते. पाण्यासारखी डाळ, कच्च्या पोळ्या आणि ठरलेली फळे-अंडी न मिळणे, या तक्रारी स्वतः विद्यार्थीच वर्षानुवर्षे करत आले होते. ठेकेदार मधून हटला, तर पैसा आणि निवड दोन्ही मुलांच्या हाती येतील, असा शासनाचा युक्तिवाद होता आणि कागदावर तो बिनतोड दिसतो.

विद्यार्थ्यांचा हिशेब वेगळा होता. 3,500 रुपयांना तीस दिवसांनी भागले तर दिवसाला साधारण 117 रुपये येत आणि त्यात नाश्ता व दोन्ही वेळचे जेवण बसवायचे. डबेवाला महिन्याचे पैसे आगाऊ मागतो, अनुदान मात्र त्याच्या तारखेला येईलच याची हमी नसते. खोलीत शेगडी लावायला वॉर्डन परवानगी देत नाहीत आणि स्वयंपाकात गेलेला वेळ अभ्यासातून वजा होतो. मुलींच्या बाबतीत रात्री जेवायला आवाराबाहेर पडण्याचा प्रश्न होता. घरी अडचण असेल तर जेवणाचे पैसे गावी पाठवले जातील आणि पोर अर्धपोटी राहील, ही भीतीही बोलून दाखवली गेली. खात्यात जमा झालेला पैसा जेवणासाठीच वापरला जाईल, हे गृहीत धरणाऱ्याने हंगाम बुडालेले घर जवळून पाहिलेले नसावे.

जुलै 2018 मध्ये आदिवासी विद्यार्थी हा निर्णय रद्द करण्याच्या मागणीसाठी पुण्याहून पायी नाशिकच्या आयुक्तालयाकडे निघाले. सिन्नर तालुक्यात नांदूरशिंगोटे परिसरात पोलिसांनी त्यांना अडवले, त्यामुळे राज्यभर चर्चा झाली, पण मेस पूर्ववत करा ही मागणी त्यानंतरही पुन्हा पुन्हा करावी लागली. ठेकेदाराची मेस सुधारणे, तिच्यावर विद्यार्थ्यांची देखरेख समिती नेमणे हा मधला मार्ग उपलब्ध होता. तो पुरेसा आजमावला न जाता दोन टोकांतच वाद अडकला, असे म्हणावे लागते.

वास्तविक पैसे देऊन मोकळे होण्याची वाट त्याआधीच पडली होती. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 2016 मध्ये ‘स्वयंम’ आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी जानेवारी 2017 मध्ये ‘स्वाधार’ ही योजना आली. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांना वर्षाला 60,000 रुपये आणि नाशिकच्या गटातील शहरांना 51,000 रुपये असा दर ठरला. या 51,000 पैकी 28,000 भोजनाचे, 15,000 निवासाचे आणि 8,000 निर्वाह भत्त्याचे. निवासाची रक्कम बारा महिन्यांवर पसरली तर महिन्याला 1,250 रुपये होतात आणि एवढ्यात कॉलेज रोडला कॉट मिळण्याची आशा कोणी धरत नाही. पुढे इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी अशीच योजना निघाली, तेव्हाही नाशिकच्या गटाचा आकडा 51,000 च राहिला.

यामुळे प्रवेशाच्या हंगामात एक ठरावीक क्रम दिसतो. महाविद्यालय सुरू होते, वसतिगृहाची गुणवत्ता यादी मागाहून लागते आणि मधल्या आठवड्यांत मूल गावच्या ओळखीच्या मुलाच्या खोलीवर ‘पॅरासाइट’ म्हणून, म्हणजे रेक्टरच्या वहीत नाव नसताना, खाली सतरंजी टाकून राहते. यादीत नाव आले नाही की जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड यांची तीच फाईल योजनेच्या अर्जाला जोडली जाते आणि चार-पाच जण मिळून एखादा फ्लॅट घेतात. घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो, भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देतो आणि डिपॉझिट व पहिल्या महिन्याचे भाडे किल्ली देतानाच घेतो, तर योजनेची रक्कम अर्जाची छाननी आणि हजेरीची पडताळणी झाल्यावर हप्त्याने येते. मधले महिने बहुधा गावाकडच्या उसनवारीवर निघतात.