नोकरीत ‘मानसिकदृष्ट्या अनफिट’ ठरवलं तर : हरकत, फेरतपासणी आणि लागणारी कागदपत्रं

जिल्हा परिषदेची शाळा, एसटीचा डेपो, वन विभाग, महावितरण, वेकोलिची (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाण. नोकरी यातली कुठलीही असो, मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘वैद्यकीय मंडळासमोर हजर राहावे’ असं पत्र आलं की प्रकरण साधारण एकाच वाटेने जातं. तपासणी दहा मिनिटांत उरकते. पुढे एका ओळीचा अभिप्राय कार्यालयात येतो, ‘सेवेस अपात्र’. मग साहेब बोलावून सांगतात, ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या, नाहीतर कारवाई करावी लागेल.’

अशा वेळी राजीनामा, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज किंवा ‘मला अभिप्राय मान्य आहे’ असा मजकूर, यातल्या कशावरही सही करू नका. कायद्याचं संरक्षण नोकरीत असलेल्याला आहे. स्वतःहून सोडलेली नोकरी परत मिळवणं फार अवघड जातं.

अभिप्राय नेमका कशावर आहे?

इथे तीन वेगळे प्रश्न असतात आणि कार्यालय त्यांची सरमिसळ करतं. आजार आहे का, हा पहिला. दिव्यांगत्व किती टक्के, हा दुसरा. आज जे पद आहे त्याचं काम जमतं का, आणि काय सोय दिली तर जमेल, हा तिसरा. मंडळाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं, कार्यालय ते तिसऱ्याचं म्हणून वापरतं. तुमची हरकत याच फटीत बसते. ‘मला काहीच आजार नाही’ असं लिहायची गरज नाही. उपचारांची फाइल समोर असताना तसं लिहिलं तर उलट विश्वास जातो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ३ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट आहेत. मानसिक आजार ठरवायचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर. आणि पूर्वी उपचार घेतले किंवा दवाखान्यात भरती होता, एवढ्यावरून आज आजारी ठरवता येत नाही. म्हणून अहवालात ‘२०१४ मध्ये मनोरुग्णालयात दाखल होते’ एवढाच आधार दिसला, तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच.

संरक्षण कोणाला आहे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो. कलम २० (४) म्हणतं की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. सध्याचं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांखेरीज जादा तयार केलेल्या पदावर ठेवायचं. या कलमात ४० टक्क्यांची अट लिहिलेली नाही. ती आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, पण अनेक आस्थापना लिपिक ती इथेही लावतात.

हे कलम ‘शासकीय आस्थापने’ला लागू आहे, पण तिची व्याख्या मोठी आहे. जिल्हा परिषद, नगर परिषद, महामंडळं, सरकारी कंपन्या आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही तिच्यात येतात. तालुक्यातल्या संस्थेची अनुदानित शाळा ‘आम्ही खासगी आहोत’ म्हणून हात झटकू शकत नाही. निव्वळ खासगी जिनिंग किंवा कारखान्याला मात्र कलम २० (४) लागत नाही. तिथे याच कायद्यातलं भेदभावाविरुद्धचं कलम ३ आणि कामगार कायदे यांवरच भिस्त ठेवावी लागते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या लढाऊ पदांना केंद्राने २०२१ मध्ये कलम २० मधून वगळलं आहे.

दोन निकाल हाताशी ठेवा. २०१३ च्या गीताबेन पटेल प्रकरणात मानसिक आजार असलेल्या गुजरातमधल्या प्राथमिक शिक्षिकेला कामावर परत घेण्याचा दिव्यांग आयुक्तांचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. डिसेंबर २०२१ चं रविंदर कुमार धारीवाल प्रकरण शिस्तभंगाच्या कारवाईबद्दल आहे. आरोपातल्या वर्तनामागे मानसिक दिव्यांगत्व हे अनेक कारणांपैकी एक असलं, तरी ती कारवाई भेदभाव ठरू शकते, असं त्यात म्हटलं आहे. गैरहजेरीच्या दोषारोपपत्राला उत्तर देताना हा दुसरा निकाल उपयोगी पडतो.

आधी अहवालाची नक्कल

तोंडी ‘अनफिट आलाय’ यावर काहीच करता येत नाही. कार्यालयाकडे लेखी मागा : तपासणीला पाठवल्याचं पत्र, मंडळाचा पूर्ण अहवाल, सही करणाऱ्या डॉक्टरांची नावं आणि पदं. दवाखान्याकडून स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मिळवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यातल्या कलम २५ ने दिला आहे. कार्यालय टोलवाटोलवी करत असेल तर माहिती अधिकार लावा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ही शब्दमर्यादा महाराष्ट्राच्या नियमांतली आहे आणि ती ओलांडली म्हणून अर्ज परत आलेले आहेत. उत्तराची मुदत ३० दिवस, पण तेवढा वेळ हरकत थांबवून ठेवू नका.

अहवाल हातात आला की चार ठिकाणी बोट ठेवून वाचा. सही करणाऱ्यांत मनोविकारतज्ज्ञ आहे का? कुठलं पद आणि कुठलं काम डोळ्यांसमोर ठेवून अभिप्राय दिला? उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे कागद पाहिल्याची नोंद आहे का? अपात्रता कायमची म्हटली आहे की तात्पुरती? बरेच अहवाल या चारांतल्या दुसऱ्या प्रश्नावरच कोसळतात, कारण कार्यालयाने पाठवलेल्या पत्रात कामाचं स्वरूप लिहिलेलंच नसतं.

उलट मत कसं असावं

‘सदर रुग्ण उपचाराखाली असून फिट आहे’ हे आपल्या डॉक्टरांचं नेहमीचं वाक्य मंडळाच्या अभिप्रायापुढे टिकत नाही. प्रमाणपत्रात निदान, उपचार कधीपासून, गेल्या सहा-बारा महिन्यांतली स्थिती, औषधांचा कामावर होणारा परिणाम आणि नेमकी सोय हे सगळं आलं पाहिजे.

सोय जितकी ठोस तितकी बरी. वाहकाला रात्रीची फेरी नको, कारण झोप मोडली की आजार उलटतो. वनरक्षकाला काही काळ शस्त्राशिवायची ड्युटी. लिथियम घेणाऱ्या कर्मचाऱ्याला एप्रिल-मे मध्ये बाहेरचं काम नको : चंद्रपूर-नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी चढते आणि विषबाधेपर्यंत मजल जाऊ शकते. हे कारण डॉक्टरांनी दोन ओळींत लिहून दिलं, तर ‘काम टाळतोय’ हा शेरा मारणं कार्यालयाला जड जातं.

मत सरकारी मनोविकारतज्ज्ञाचं असेल तर वजन जास्त. जिल्हा सामान्य रुग्णालय (आपलं ‘सिव्हिल’), नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, अकोला आणि यवतमाळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, नागपूर एम्स, सेवाग्रामचा सरकारी अनुदानावरचा दवाखाना, जिथे आधीपासून उपचार चालू आहेत तिथलंच घ्या. नव्या डॉक्टरकडे एका भेटीत घेतलेला कागद विकत घेतल्यासारखा दिसतो.

टक्के ठरतात कसे

दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि उपचारांचे कागद लागतात. राहत्या जिल्ह्यात किंवा ज्या सरकारी दवाखान्यात उपचार चालू आहेत तिथे अर्ज करता येतो, म्हणजे गडचिरोलीच्या माणसाला नागपूरचा उपचार असेल तर तिथलं रुग्णालय निवडता येतं.

मानसिक आजाराची मोजणी ‘आयडियाज’ या पट्टीवर होते. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद व समज, आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण. त्यात गेल्या दोन वर्षांत किती महिने आजार होता त्याचे गुण मिळवतात : सहापर्यंत १, बारापर्यंत २, अठरापर्यंत ३, त्याहून जास्त ४. बेरीज १ ते ६ आली तर ४० टक्क्यांच्या खाली, ७ ते १३ ला ४० ते ७०, १४ ते १९ ला ७१ ते ९९, आणि २० ला १०० टक्के.

समजा कुणाला चार बाबींत १, २, १, २ मिळाले आणि आजार वीस महिन्यांचा आहे. सहा अधिक चार, दहा. प्रमाणपत्र ४० च्या वर. त्याच माणसाकडे पाच महिन्यांचेच केस पेपर निघाले तर कालावधीचा एकच गुण. सोबत घरचं कुणी नाही, म्हणून तो ‘सगळं बरं आहे’ म्हणून मोकळा झाला आणि चार बाबींत मिळून तीनच गुण पडले. बेरीज चार, प्रकरण ४० च्या खाली. म्हणून रोजचं वागणं पाहणारा माणूस सोबत न्या, आणि जुने केस पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, भरतीची कार्डं तारखेच्या क्रमाने लावून न्या. अर्ज फेटाळला तर कारण लेखी देणं बंधनकारक आहे. प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या कलम ५९ खाली अपील आहे. नोकरीच्या फिटनेसवरची हरकत हे वेगळं प्रकरण, दोन्ही एका अर्जात कोंबू नका.

एक इशारा. टक्के जितके जास्त तितकं चांगलं, असं गावोगावचे एजंट सांगतात. कार्यालयाशी ‘मी काम करू शकतो’ म्हणून भांडणाऱ्याच्या फाइलमध्ये ९० टक्क्यांचं प्रमाणपत्र निघालं, तर समोरचा वकील तेच पुढे करतो. खरी स्थिती सांगा, आणि प्रत्येक कागदावर ‘अमुक सोयीसह काम करू शकतो’ ही एकच भूमिका ठेवा.

हरकतीचा अर्ज

नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे, अभिप्राय मिळाल्यापासून महिन्याच्या आत द्या. मजकूर एक-दीड पान पुरे :

‘विषय : दि. … च्या वैद्यकीय अहवालावर हरकत व फेरतपासणीबाबत. सदर अहवालात माझ्या पदाच्या कर्तव्यांचा विचार झालेला नाही व मंडळात मनोविकारतज्ज्ञ नव्हते. सोबत उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचे दि. … चे प्रमाणपत्र जोडले आहे. कर्तव्यसूचीसह माझी फेरतपासणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मंडळाकडून करावी. तोवर सेवेबाबत प्रतिकूल आदेश काढू नयेत. मंडळाने सध्याच्या पदास अपात्र ठरवल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० (४) नुसार समकक्ष पद द्यावे.’

आपल्या प्रकरणात जे खरं असेल तेवढंच ठेवा. मनोविकारतज्ज्ञाची सही असेल तर ते वाक्य काढा. सोबत सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, अहवाल, प्रमाणपत्र आणि चांगले गोपनीय अहवाल जोडा. पूर्ण उपचार फाइल मुख्याध्यापकाच्या किंवा डेपो व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवू नका. ती मंडळाला दाखवायची. कार्यालयाला निष्कर्ष पुरतो, तपशील गावभर होतात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आवक शाखा घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा.

उलट परिस्थितीही असते : मंडळ ‘फिट’ म्हणतं आणि तुम्हाला रजा किंवा सोय हवी असते. अर्ज तोच, फक्त मागणी रजेची किंवा सोयीची, आणि डॉक्टरांनी किती काळासाठी ते लिहिलेलं हवं.

उत्तर आलं नाही तर

प्रत्येक शासकीय आस्थापनेत दिव्यांग कायद्याच्या कलम २३ खाली तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. त्यापुढे पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त. वेकोलि, रेल्वे, बँकांसाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त. आयुक्तांच्या शिफारशीवर तीन महिन्यांत कार्यवाही करायची किंवा न मानल्याचं कारण कळवायचं, असा नियम आहे. पण त्यांच्याकडे अर्ज केल्याने न्यायालयाची मुदत थांबते असं समजू नका.

विदर्भातला राज्य शासनाचा कर्मचारी मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) नागपूर खंडपीठात जातो, अंतिम आदेशापासून एका वर्षात. अपील-निवेदनाला सहा महिन्यांत उत्तर नसेल तर तिथून पुढे एक वर्ष. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटमध्ये येत नाहीत, त्यांना विभागीय अपील आणि मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. खासगी व्यवस्थापनाच्या शाळेने काढलं तर शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांतच अपील, आणि ही मुदत सर्वाधिक चुकते. एसटी कामगाराने युनियनच्या वकिलाला त्याच आठवड्यात गाठावं. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो : तालुका विधी सेवा समिती, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१०० वर फोन.

हे चालू असताना घरी बसून राहू नका. फिटनेसचा दाखला हातात पडला की त्याच दिवशी लेखी रुजू अहवाल द्या. रुजू करून घेतलं नाही तर तेवढं लिहून पोच घ्या, आणि पुढेही अधूनमधून ‘कामावर येण्यास तयार आहे’ असं पत्र टाकत राहा. नाहीतर हाच काळ पुढे ‘अनधिकृत गैरहजेरी’ म्हणून दोषारोपपत्रात येतो.