खासगी वैमानिकाचा परवाना: तासाचा दर विचारण्याआधी दहावीचं प्रमाणपत्र शोधा

'पीपीएलला, म्हणजे खासगी वैमानिकाच्या परवान्याला, एकूण खर्च किती?' घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत कुठूनही फोन आला तरी पहिला प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा एखाद्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेचं कोटेशन असतं. त्यावरचा आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. मी मात्र आधी उलट विचारतो, दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र कुठे आहे? विमान उडवायचं तर दहावीच्या कागदाचं काय काम, असं वाटून समोरचा क्षणभर गप्प होतो. अर्ज अडतात ते नेमके तिथेच.

पात्रता दोन ओळींची आहे. विद्यार्थी परवान्याला वय १६ पूर्ण, खासगी परवान्याला १७ पूर्ण, शिक्षण दहावी पास, दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचं उड्डाण. बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं ते व्यावसायिक परवान्याला. आणि हे घरच्यांनाही सांगून ठेवा: पीपीएलवर पगार मिळत नाही. मित्राला शेजारी बसवून उडवाल, पण त्याचे पैसे घेता येत नाहीत. नोकरी हवी असेल तर २०० तासांचा व्यावसायिक परवाना लागतो. पीपीएलचे तास त्यात धरले जातात, एवढाच दिलासा. बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेलात तर अधिकारी नोकरीचंच विचारणार, तेव्हा बहुतेकांना हा खर्च खिशातूनच करावा लागतो.

आता कागद. परवाना देणारी सरकारी संस्था म्हणजे डीजीसीए. तिच्या लेखी परीक्षेला बसायचं तर आधी संगणक क्रमांक, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो आणि तिथे दहावीच्या कागदांची बोर्डाकडून झालेली पडताळणी मागतात. लोक काय आणतात? शाळा सोडल्याचा दाखला. तो चालत नाही. गुणपत्रिका वेगळी, बोर्डाचं प्रमाणपत्र वेगळं आणि पडताळणीचं पत्र त्याहून वेगळं. गुणपत्रिकेची झेरॉक्स साक्षांकित करून आणली म्हणजे पडताळणी झाली, हा गैरसमज तर फारच पक्का बसलेला आहे.

ठाणे, रायगड, पालघर आणि मुंबईच्या शाळांतून राज्य मंडळाची दहावी झाली असेल तर विभागीय मंडळ वाशीत आहे, लोकलने जाऊन येण्याइतकं जवळ. पण कोपरखैरणे, घणसोलीतली कितीतरी घरं मूळची सातारा-सांगलीकडची. मुलगा दहावीपर्यंत गावी आजीकडे शिकला आणि अकरावीला इकडे आला. त्याची पडताळणी वाशीला होत नाही, कोल्हापूर विभागाकडे जावं लागतं. अशा एकाने वाशीच्या दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे खिडकीवरच्या माणसाने त्याला हे सांगितलं. पहिल्याच फेरीत सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न मी विचारायचं सोडून दिलंय. सीबीएसईवाल्यांनी अर्थातच त्यांच्या मंडळाकडे जावं.

दुसरी गाठ नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, संगणकाला तीन दिसतात. डीजीसीएच्या ऑनलाइन अर्जांच्या ईजीसीए पोर्टलवर खातं उघडताना जे नाव टाकाल तेच वैद्यकीय अहवालावर, परीक्षेच्या प्रवेशपत्रावर आणि शेवटी परवान्यावर येतं. म्हणून खातं उघडण्याआधी दहावीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. स्पेलिंगमधला एक जादा 'ए'सुद्धा पुरतो. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी राजपत्रातली नोंद आधी करून घ्यावी. अर्ज परत आल्यावर ती करायला धावलात तर तेवढे दिवस तुमचेच जातात.

वैद्यकीय तपासणी पैसे भरण्याआधी करा. संस्थेत जागा धरण्याआधी, बॅग घेण्याआधी. फॅमिली डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट इथे कामाचं नाही, डीजीसीएच्या यादीवरचाच डॉक्टर हवा. चष्म्याची उगाच भीती बाळगतात लोक, चष्मा बहुतेक वेळा आड येत नाही. आड येतं ते रंग ओळखणं. ठिपक्यांच्या वर्तुळात लपलेला आकडा वाचायची ती चाचणी. ठाण्यातल्याच एका मुलाने आधी २ लाख रुपये भरले आणि मग तपासणीला गेला. लाल-हिरव्यातला फरक आपल्याला नीट कळत नाही, हे त्याला एकोणिसाव्या वर्षी तिथे कळलं. संस्थेने पावतीवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: भरलेली रक्कम परत मिळणार नाही. तपासणीचा खर्च काही हजारांचा. तो आधी केला असता तर २ लाख वाचले असते.

आता तुमचा लाडका प्रश्न. समजा तासाचा दर १५,००० रुपये आहे. ४० तासांचे झाले ६ लाख. कोटेशनमध्ये हाच आकडा ठळक अक्षरांत असतो. पण ४० हे किमान आहे, तेवढ्यात सगळे तयार होतात असं नाही. मध्ये तीन आठवडे विमान मिळालं नाही की हात विसरतो, आणि पुढचे दोन-तीन तास आधीचंच पुन्हा शिकण्यात जातात. ५५ तास लागले तर तोच खर्च ८ लाख २५ हजारांवर जातो. शिवाय तास मोजतात तो चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंत. धावपट्टीकडे जाताना रांगेत उभे राहिलात तरी मीटर चालूच, अगदी रिक्षासारखा.

खंड पडायचं आपल्याकडचं मोठं कारण पाऊस. शिकाऊ वैमानिक डोळ्यांनी बाहेर बघून उडवतो. ढग खाली आले की विमान हँगरमध्ये आणि विद्यार्थी वसतिगृहात. राहणं-जेवण महिना १२,००० धरलं तर चार महिन्यांत उरकल्यास ४८,००० होतात आणि खंड पडून नऊ महिने लागले तर १ लाख ८ हजार. जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, पावसाळ्यात अभ्यास करून लेखी परीक्षा उरका आणि उडायला ऑक्टोबरात जा. प्रवेश देणारी संस्था असं आपणहून सांगेलच, या भरवशावर राहू नका.

राहण्याचा खर्च टळत नाही, कारण घरून जाऊन-येऊन हे होणार नाही. 'आता उलव्याला विमानतळ झालाय, तिथेच शिकता येईल ना?' हे ऑक्टोबर २०२५ च्या उद्घाटनापासून रोज ऐकतोय. नाही हो. प्रवासी विमानांच्या रांगेत शिकाऊंच्या छोट्या सेसना विमानाला कोण घुसू देणार? एकेकाळी जुहूला शिकता यायचं. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली तिथेच सुरू झाला आणि जेआरडी टाटांनी १९२९ मध्ये परवाना मिळवला. आज त्याच क्लबचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला चालतं. बाकी बारामती, शिरपूर, गोंदिया. म्हणजे सामान बांधायचंच.

जीएसटीचं लेखी विचारा. डीजीसीएमान्य संस्थांच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमांना हा कर लागत नाही, असं सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेनंतर स्पष्ट झालं. तरीही कोटेशनच्या तळाशी १८ टक्के दिसले, तर ते कोणत्या सेवेवर लावलेत ते विचारायचं. ६ लाखांवर ते १ लाख ८ हजार होतात, लाजायचं कारण नाही. पैसे टप्प्याटप्प्याने भरा आणि मध्येच सोडलं तर किती परत मिळणार ते कागदावर घ्या.

विमानातून कंट्रोल टॉवरशी रेडिओवर बोलण्याच्या परीक्षेबद्दल जुनी माहिती अजून फिरते आहे. ती पूर्वी दूरसंचार विभागाकडे होती, नव्या भारतीय वायुयान अधिनियमानुसार २०२५ पासून डीजीसीएकडे आली. दादाच्या वेळच्या फॉर्मवर विसंबून जुन्या कार्यालयाला पत्र पाठवू नका.

लेखी परीक्षेत ७० टक्के लागतात. अभ्यास केला की मिळतात.

शेवटचा अर्ज परत येतो तो लॉगबुकमुळे, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीमुळे. एकट्याने केलेल्या लांबच्या उड्डाणाची नोंद नीट बघा: किमान १५० नॉटिकल मैल आणि वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी उतरून पूर्ण थांबणं. चाक टेकवून परत उडालात तर ते थांबणं धरत नाहीत. प्रत्येक पानाची बेरीज पुढच्या पानावर तीच आली आहे का, मुख्य प्रशिक्षकाची सही आणि शिक्का आहे का, हे संस्था सोडण्याआधीच तपासा. धुळ्याहून ठाण्याला आलेलं लॉगबुक सहीसाठी पुन्हा धुळ्याला नेणारे मी पाहिलेत, आणि तिथे गेल्यावर कळतं की प्रशिक्षक रजेवर आहेत.