सर्व्हरवरचं घर कुणाच्या नावावर?

दादरच्या एका कॉलेजात मी सर्व्हर सांभाळते. लॅबमधल्या कुठल्याही मशीनवर लॉगिन केलं तरी विद्यार्थ्याला आपल्याच फाइल दिसतात, कारण त्या मशीनवर नसतातच. सर्व्हरवर प्रत्येकाचा एक 'होम फोल्डर' असतो आणि लॉगिन होताच तो नेटवर्कवरून जोडला जातो. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली एनएफएस ही दुसऱ्या मशीनवरच्या फाइल नेटवर्कवरून वापरायची पद्धत आणली, तेव्हापासून ही सोय रुळली.

प्रश्न येतो तो ही घरं मांडायची कशी, याचा. सगळी एकाच फोल्डरात कोंबावीत, तर लिनक्स या संगणकप्रणालीच्या फाइल साठवण्याच्या जुन्या एक्स्ट-३ पद्धतीत ३१,९९८ उपफोल्डरांवर दार बंद व्हायचं. म्हणून मध्ये खणांसारख्या फोल्डरांची एक पायरी घालतात. नावाच्या पहिल्या इंग्रजी अक्षराची पायरी पटकन सुचते, पण आपल्याकडे ती फसते. संजय, सुनीता, स्नेहल, शुभम, श्रद्धा सगळे 'एस'मध्ये दाटीवाटीने, आणि 'क्यू'मध्ये चिटपाखरू नाही. रोल नंबरचे पहिले दोन आकडे घेतले तर ते प्रवेशाचं वर्ष निघतं, म्हणजे अख्खी बॅच एकाच खणात. शेवटचे दोन घेतले की मात्र शंभर खण जवळजवळ सारखे भरतात. हे इतकं साधं आहे, तरी पहिल्यांदा उमगलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

त्याआधी मी विभागवार फोल्डर केले होते. मुलांनी शाखा बदलल्या, एका मॅडमचं लग्नानंतर आडनाव बदललं, आणि दर वेळी पत्ता बदलून जुने शॉर्टकट मेले. जे बदलू शकतं ते पत्त्यात घालायचं नाही, हे तेव्हा शिकले. टपालखात्यालाही नावांनीच छळलं होतं: एकाच नावाची अनेक गावं, प्रत्येक भाषेत वेगळं स्पेलिंग. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आकड्यांचा पिनकोड योजला आणि १५ ऑगस्ट १९७२ला तो लागू झाला. म्हणून दादर कुठल्याही लिपीत लिहा, ४०००१४ तेच राहतं.

सर्व्हरही मनातून आकडेच ओळखतो. फाइलवर मालकाचं नाव नव्हे, खात्याचा नंबर कोरलेला असतो. नाव आपल्या सोयीसाठी शेजारच्या यादीतून वाचून दाखवलं जातं. एका हंगामी सहायकाचं खातं मी खोडलं, तेव्हा त्याच्या फाइलींसमोर मालकाच्या रकान्यात नुसतं १०४७ उरलं. ते सगळ्यात शेवटचं खातं होतं. त्यामुळे पुढच्या आठवड्यात नवीन खातं उघडताना सिस्टिमने तोच नंबर पुन्हा दिला, आणि आधीच्याच्या सगळ्या फाइल, अंतर्गत गुणांच्या याद्यांसकट, नव्या मुलीच्या मालकीच्या झाल्या. तिनेच येऊन सांगितलं, "मॅडम, हे माझं नाहीये."

आता मी कुणाचंही खातं खोडत नाही, फक्त कुलूप लावते. नंबर वहीत लिहिलेले आहेत, आणि १०४७समोर अजून त्या सहायकाचंच नाव आहे.