धावत्या पट्ट्यावरून विमान उडेल का?

विमान ट्रेडमिलसारख्या मागे सरकणाऱ्या पट्ट्यावर ठेवलं आणि पट्ट्याचा वेग विमानाच्या वेगाइतकाच ठेवला, तर ते जागचं हलणार नाही, असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. हे चूक आहे. विमान उडतं.

गफलत होते ती मोटारीशी तुलना केल्यामुळे. मोटारीचं इंजिन चाकं फिरवतं, म्हणून ती रस्त्याला रेटा देऊन पुढे जाते. विमानाची चाकं मोकळी फिरतात. पंखा किंवा जेट रेटा देतं ते हवेला. पट्टा पळवला की चाकं जास्त गरगरतात, इतकंच.

सेसना १७२ हे पंख्याचं छोटं विमान साधारण ताशी १०० किमी वेगाला जमीन सोडतं. पट्टा उलट १०० ने पळत असेल, तर चाकं २०० च्या वेगाने फिरतील. टायरचा विरोध वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे ११०० किलोच्या विमानाला जेमतेम २०-२५ किलो. इंजिनाचा जोर त्याच्या कितीतरी पट. धावपट्टी किंचित जास्त लागेल.

प्रवासी जेटचं मात्र बिनसू शकतं. ते २५०-२८० किमीला उडतं आणि टायरची मर्यादा साधारण ३७५ किमी. दुप्पट वेगात टायर फुटू शकतात!

‘चाकं आणि पट्टा कायम समान वेगाने’ अशी अट घातलीत, तर विमान पुढे सरकताच चाकांचा वेग पट्ट्यापेक्षा जास्त होतो आणि ती अटच मोडते.