भाषिक अल्पसंख्याक की सीमाभागातले? प्रवेशाआधी समजून घ्यायचा फरक

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मुलं कोल्हापूर-पुण्याला प्रवेश घ्यायला निघाली की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आपण भाषिक अल्पसंख्याक, आपल्याला सवलत मिळेल.’ सवलत मिळते, पण त्या नात्याने नाही. सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या शैक्षणिक धोरणावर मी पदव्युत्तर संशोधन करते आहे. ही गल्लत पालकांइतकीच शाळांच्या कार्यालयांतही आढळते, आणि तिची किंमत मुलांना मोजावी लागते. म्हणून हे लिहिते आहे.

भाषिक अल्पसंख्याक हा दर्जा तुम्ही राहता त्या राज्यातला, म्हणजे इथे कर्नाटकातला. त्याला आधार राज्यघटनेचा. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350-अ आलं आणि प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायची जबाबदारी राज्यावर पडली. त्याआधी 1949 मध्येच प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं, की शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुलं त्या भाषेची असतील तर तिचा शिक्षक नेमायचा. कलम 30 खाली स्वतःची शाळाही काढता येते. कन्नड शिकावी लागतेच, 2015 च्या कायद्याने ती सक्तीची झाली आहे. पण विषय म्हणून, माध्यम म्हणून नव्हे. मुख्य म्हणजे इथे गाव कुठलं हे कुणी विचारत नाही. हुबळीतलं मराठी घर जितकं भाषिक अल्पसंख्याक, तितकंच बंगळूरमधलंही.

सीमाभागाच्या सवलतीत मात्र गावावरच सगळं अडतं, आणि ती देतं महाराष्ट्र शासन. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जी मराठी गावं पलीकडे राहिली, त्यांतल्या 865 गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. त्यासाठी 2004 मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं. या गावांतल्या मुलांना प्रवेशात आपलं मानायचं, हे त्या दाव्याला धरूनच आलेलं धोरण आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सीईटी प्रवेशात त्यांच्यासाठी ‘टाईप ई’ असा वेगळा प्रकार आहे. तो नसता तर ही मुलं थेट परराज्यातली ठरली असती, कारण महाराष्ट्राचं डोमिसाईल 15 वर्षांच्या वास्तव्यावर मिळतं, आणि जन्मभर खानापुरात राहिलेल्या मुलीने ते कुठून आणायचं? इथे दोन गोष्टी एकत्र लागतात, वादग्रस्त भागाशी संबंध आणि मराठी मातृभाषा. हुबळीच्या मराठी मुलाकडे पहिली नाही. खानापूरच्या कन्नड घरातल्या मुलाकडे दुसरी नाही.

अगदी अशीच सवलत उलट्या दिशेनेही आहे, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. कर्नाटकातली प्रवेशपरीक्षा आणि प्रवेश पाहणारी संस्था, केईए (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण), जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना ‘गडिनाडू कन्नडिग’ (म्हणजे सीमाभागातले कन्नडिग) म्हणून अर्ज करू देते.

आता एक फाईल सांगते. खानापूर तालुक्यातली मुलगी, घरी दारी मराठी, हायस्कूल इंग्रजी माध्यमाचं. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एसएसएलसीचं (कर्नाटकातली दहावी) मार्क्स कार्ड, पीयूसीचं (तिथली बारावी) मार्क्स कार्ड, रेशनकार्ड, आधार, सगळं नीट लावलेलं. मराठी माध्यमात शिकलो नाही म्हणून सवलत गेली, असं ती धरूनच चालली होती. पण अट मातृभाषेची आहे, माध्यमाची नाही. अडचण भलतीकडेच निघाली. शाळेच्या प्रवेश नोंदवहीत मातृभाषेच्या रकान्यात ‘कन्नड’ लिहिलेलं होतं. पहिलीत नाव घालताना न विचारता लिहिलेला तो एक शब्द, आणि बारावीनंतर ती मराठी असल्याचा दाखला द्यायला शाळा कचरत होती. आईवडिलांनी ती नोंद कधी पाहिलीच नव्हती. ज्यांची मुलं अजून शाळेत आहेत त्यांनी हा रकाना आत्ताच पाहून घ्यावा. मूल शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते, टीसी हातात पडल्यावर चकरा सुरू होतात. शाळेत मागायचा तो दाखलाही ‘अल्पसंख्याक’ म्हणून मागू नये. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत सीमाभागासाठी दिलेला नमुना छापून न्यावा आणि त्यावरच सही-शिक्का घ्यावा.

‘टाईप ई’मधून अर्ज केला तर कर्नाटकातला हक्क जाईल, ही भीतीही मी बऱ्याच घरांत ऐकली. तसं होत नाही. केईए मुख्यतः कर्नाटकात 7 वर्षं शिकल्याचा पुरावा मागते, आणि तो या मुलांकडे असतोच. तेव्हा दोन्हीकडे अर्ज भरा.