अणुवीज केंद्रातील अपघात व आपत्कालीन प्रतिसाद : नाशिक परिसर

अणुभट्टीतील इंधन थंड राखता न आल्यामुळे किंवा तिच्याभोवतीची संरक्षक आवरणे भेदली गेल्यामुळे किरणोत्सर्गी द्रव्ये केंद्राबाहेर पसरू लागली, तर त्यांच्यापासून लोकांना होणारी इजा टाळण्यासाठी केंद्राने, प्रशासनाने आणि नागरिकांनी ठरलेल्या क्रमाने करावयाच्या कृतींना आपत्कालीन प्रतिसाद म्हणतात. नाशिक जिल्ह्यात अणुवीज केंद्र नाही. मात्र पालघर जिल्ह्यातील तारापूर केंद्र नाशिक शहराच्या पश्चिमेस सरळ रेषेत सुमारे १२० किमी. आणि गुजरातेतील काक्रापार केंद्र उत्तर-वायव्येस सुमारे १४५ किमी. अंतरावर आहे. इगतपुरी व त्र्यंबकेश्वर ही गावे तारापूरपासून शंभर किलोमीटरच्या आत येतात, तर सुरगाणे काक्रापारपासून ८० किमी.च्या आसपास आहे.

भारतीय नियमांनुसार बाह्य आपत्कालीन नियोजनाचे क्षेत्र केंद्राभोवती सुमारे १६ किमी. त्रिज्येचे धरले जाते. नाशिक जिल्हा या वर्तुळापासून फार दूर असल्याने येथे गावेच्या गावे तातडीने रिकामी करण्याची वेळ येणे जवळजवळ असंभवनीय आहे. येथील धोक्याचे स्वरूप निराळे आहे. तो वाऱ्याने येईल, पावसाने जमिनीवर उतरेल आणि चारा, दूध व भाजीपाला यांच्या वाटेने घरात शिरेल. सर्वसामान्य माहितीपत्रके केंद्रालगतच्या गावांसाठी लिहिलेली असतात. दूरच्या शेतीप्रधान जिल्ह्याने काय करावे, याचा विचार त्यांत थोडा असतो. प्रस्तुत नोंदीत म्हणूनच त्यावर अधिक भर दिला आहे.

अपघाताचे स्वरूप. अणुभट्टीतील इंधनाचे समृद्धीकरण (त्यातील सहज विखंडन होणाऱ्या युरेनियमचे प्रमाण वाढवणे) अत्यल्प असल्याने तिच्यात अणुबाँबसारखा स्फोट होऊ शकत नाही. खरी अडचण उष्णतेची असते. नियंत्रक दांडे घालून साखळी अभिक्रिया थांबवली, तरी विखंडनातून (अणू फुटण्यातून) तयार झालेल्या अस्थिर अणूंच्या क्षयामुळे उष्णता निर्माण होतच राहते. ती सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते आणि हळूहळू घटते. ही उष्णता वाहून नेणारे पाणी थांबले, की इंधन वितळू लागते. फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ रोजी भूकंपाने बाहेरचा वीजपुरवठा तोडला आणि त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली. त्यानंतर तीन भट्ट्यांतील इंधन वितळले व साचलेल्या हायड्रोजन वायूचे स्फोट झाले. चेर्नोबिल येथे २६ एप्रिल १९८६ रोजी मात्र चाचणी चालू असताना भट्टीची शक्ती अनावर वाढली आणि ती फुटली. आंतरराष्ट्रीय अणुघटना मापनश्रेणीवर (० ते ७) हे दोन्ही अपघात सातव्या पातळीचे ठरले. काक्रापारच्या पहिल्या भट्टीत ११ मार्च २०१६ रोजी शीतक वाहिनीला गळती लागून भट्टी बंद पडली होती. ती घटना याच श्रेणीवर पहिल्या पातळीची होती.

बाहेर पडणाऱ्या द्रव्यांपैकी लोकांच्या दृष्टीने दोन विशेष महत्त्वाची आहेत. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य (द्रव्य निम्मे उरण्यास लागणारा काळ) ८ दिवसांचे असते आणि ते थायरॉइड (अवटू) ग्रंथीत साठते. सिझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे असून ते मातीतील चिकणकणांना धरून राहते. पहिल्याचा प्रश्न काही आठवड्यांचा असतो, दुसऱ्याचा पिढ्यांचा.

वारा, पाऊस आणि घाटमाथा. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्राकडून सह्याद्रीवर येतात. या दिवसांत तारापूरहून निघालेला किरणोत्सर्गी लोट नाशिकच्या दिशेने सरकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. ताशी २० किमी. वेगाच्या वाऱ्याबरोबर तो सुमारे सहा तासांत येथे पोहोचेल, म्हणजे निर्णयासाठी वेळ मिळतो, पण तो फार नसतो. पावसाळ्यात त्यातील बराच भाग इगतपुरी-त्र्यंबकच्या घाटमाथ्यावर सरींबरोबर खाली उतरेल. पाऊस हवा स्वच्छ करतो, परंतु त्याच ठिकाणची जमीन दूषित करतो. चेर्नोबिलनंतर २८ व २९ एप्रिलला पडलेल्या पावसाने केंद्रापासून सुमारे २०० किमी. दूर असलेल्या ब्रियान्स्क-मोगिल्योव्ह भागात तीव्र दूषित पट्टे तयार झाले, तर त्यापेक्षा कितीतरी जवळची काही गावे कोरडी राहिल्याने बचावली. वेल्समधील डोंगराळ कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्यांवरील निर्बंध २०१२ पर्यंत चालू होते. यावरून नकाशावर कंपासने काढलेली वर्तुळे पुरेशी नसतात, हे ध्यानात येते. मोजमाप प्रत्यक्ष गावात, शेतात व्हावे लागते. हिवाळ्यात ईशान्य-पूर्वेकडून वाहणारे वारे तारापूरचा लोट समुद्राकडे नेण्याची शक्यता अधिक असते. उन्हाळ्याच्या तोंडी वायव्येचे वारे सुरू झाले, की लक्ष काक्रापारकडे ठेवावे लागते.

मात्रा आणि इजा. शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाची मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये सांगतात. माती, खडक, अवकाश आणि हवेतील रेडॉन यांपासून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये सुमारे १० मिलिसिव्हर्ट मिळू शकतात. थोड्या वेळात १,००० मिलिसिव्हर्टच्या पुढे मात्रा गेली, तर उलट्या, रक्तपेशी घटणे अशी तीव्र किरणोत्सर्ग-आजाराची लक्षणे दिसतात. चेर्नोबिलमध्ये असा आजार झालेले १३४ जण केंद्रातील कर्मचारी व आग विझवणारे होते. त्यांपैकी २८ जण पहिल्या काही महिन्यांत दगावले. शंभर किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला इतकी मात्रा मिळण्याचा प्रश्न येत नाही. तेथे विचार करायचा असतो तो अनेक वर्षांनी होऊ शकणाऱ्या कर्करोगाच्या वाढीव संभवाचा. १०० मिलिसिव्हर्टच्या खाली ही वाढ आकडेवारीत वेगळी दाखवता येत नाही, तरीही सावधगिरी म्हणून प्रत्येक टाळता येण्याजोगी मात्रा टाळावी, असे तत्त्व पाळले जाते.

किरणोत्सर्ग अंगावरून जाणे आणि किरणोत्सर्गी धूळ अंगावर बसणे या दोन गोष्टींत नेहमी गल्लत होते. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. तेथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात, आणि २००७ पासून अमेरिकेला पाठवायच्या हापूस आंब्यावरही येथे प्रक्रिया झाली आहे. या किरणांनी कांदा वा आंबा किरणोत्सर्गी होत नाही. अपघातातील लोटाखाली सापडलेल्या पिकावर मात्र प्रत्यक्ष द्रव्यच बसलेले असते, आणि ते धुऊन, सोलून किंवा टाकून देऊनच दूर करावे लागते. आपत्तीच्या दिवसांत लासलगावच्या मालाबद्दल अफवा पसरू नयेत, यासाठी हा भेद आधीपासून लोकांना ठाऊक असणे निकडीचे आहे.

प्रशासकीय साखळी. भारतीय पद्धतीत आणीबाणीचे केंद्रापुरती, केंद्र-परिसरापुरती आणि परिसराबाहेरची असे टप्पे मानतात. पहिल्या दोहोंची जबाबदारी केंद्रप्रमुखाची असते. तिसऱ्या टप्प्यात संबंधित जिल्हाधिकारी सूत्रे हाती घेतात. तारापूरच्या बाबतीत ते पालघरचे असतात. अणुऊर्जा विभागाचा मुंबईतील संकट व्यवस्थापन गट १९८७ पासून कार्यरत असून तो तांत्रिक सल्ला देतो. अणुऊर्जा नियामक मंडळ (स्थापना १९८३) देखरेख ठेवते. भाभा अणुसंशोधन केंद्राची देशभरातील गॅमा मापन केंद्रे हवेतील वाढ टिपतात, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या अशा प्रसंगांसाठी प्रशिक्षित असतात. परिसराबाहेरच्या आणीबाणीची तालीम दर दोन वर्षांनी होते, परंतु ती केंद्रालगतच्या क्षेत्रापुरती असते. नाशिकमध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, महानगरपालिका, पशुसंवर्धन विभाग, अन्न व औषध प्रशासन आणि बाजार समित्या यांनी एकत्र काम करणे आवश्यक ठरते. यांतील शेवटच्या तिघांना अणुअपघाताच्या चर्चेत क्वचितच बोलावले जाते. नाशिकसारख्या जिल्ह्यात मात्र प्रत्यक्ष संरक्षण बहुतांशी त्यांच्याच हातून व्हायचे असते.

घरात थांबणे. लोट माथ्यावरून जात असताना घरात राहणे हाच पहिला व बहुधा पुरेसा उपाय असतो. सिमेंट-काँक्रीटच्या किंवा विटांच्या पक्क्या इमारतीत मधल्या खोल्यांत थांबावे, दारे-खिडक्या बंद कराव्यात आणि बाहेरची हवा आत ओढणारे कूलर व एक्झॉस्ट पंखे बंद ठेवावेत. पत्र्याच्या घरात आडोसा अगदी कमी मिळतो. वाड्यावस्त्यांवरील कुटुंबांना शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पक्क्या इमारतीत आणणे इष्ट होय. बाहेरून आलेल्या व्यक्तीने दाराशीच वरचे कपडे व पादत्राणे काढून पिशवीत बांधून ठेवावीत आणि साबण-पाण्याने अंघोळ करावी. नुसते कपडे काढल्याने अंगावरील धुळीचा फार मोठा भाग, साधारण नऊ-दशांश, दूर होतो. केसांना कंडिशनर लावू नये, कारण तो कण केसांना चिकटवून ठेवतो.

आयोडीनच्या गोळ्या, म्हणजे पोटॅशियम आयोडाइड, केवळ आरोग्य यंत्रणेने सांगितल्यावरच घ्यायच्या असतात. प्रौढांची मात्रा १३० मिग्रॅ., ३ ते १२ वर्षांच्या मुलांची ६५ मिग्रॅ. आणि त्याहून लहानांची आणखी कमी असते. लोट येण्याच्या आधीच्या २४ तासांत किंवा आल्यानंतर दोनेक तासांत घेतल्यास त्यांचा उपयोग सर्वाधिक होतो. लहान मुले, गर्भवती व स्तनदा माता यांना अग्रक्रम द्यावा. चाळिशीपुढच्यांना त्यांचा लाभ थोडा असतो. या गोळ्या सिझियमपासून किंवा बाहेरून येणाऱ्या किरणांपासून मुळीच संरक्षण देत नाहीत. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन हा परिणाम साधत नाही आणि जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन पिणे हे विषप्राशनच आहे.

दूध, पाणी आणि शेतमाल. चेर्नोबिलचा सर्वांत दुःखद आणि सर्वांत टाळता येण्यासारखा परिणाम दुधातून झाला. दूषित कुरणांवर चरलेल्या गाईंचे दूध मुले पीत राहिली. बेलारूस, युक्रेन व रशियाच्या दूषित भागांत तेव्हा लहान वा किशोरवयीन असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले, आणि त्यांतील मोठा वाटा या दुधाचा मानला जातो. इंग्लंडमधील विंडस्केल येथे १९५७ साली भट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौ. किमी. क्षेत्रातील दूध काही आठवडे ओतून दिले गेले, आणि तो निर्णय योग्य ठरला. सिन्नर, निफाड वा येवले येथील दूध संकलनालाही हाच धडा लागू पडतो. इशारा मिळताच जनावरे गोठ्यात बांधावीत, त्यांना झाकून ठेवलेला कडबा व पेंड द्यावी, हिरवा चारा कापून आणू नये, विहिरी व हौद झाकावेत. दूषित आढळलेले दूध नेहमी फेकावेच लागते असे नाही. आयोडीन-१३१ ऐंशी दिवसांत हजारांश इतकेच उरत असल्याने अशा दुधाची भुकटी करून ती साठवणे शक्य असते. त्यात सिझियम नाही, याची तपासणी मात्र हवी.

गंगापूर, दारणा, मुकणे यांसारख्या धरणांतील साठ्यात द्रव्य पुष्कळ विरळ होते आणि सिझियम गाळाबरोबर तळाशी बसते, त्यामुळे नळाच्या पाण्याचा धोका दुधापेक्षा कमी असतो. तरीही मार्च २०११ मध्ये फुकुशिमापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या टोकियोच्या एका जलशुद्धीकरण केंद्रात दर किलोग्रॅमला २१० बेक्वेरेल (दर सेकंदाला क्षय पावणाऱ्या अणूंची संख्या) आयोडीन-१३१ आढळले. तान्ह्या मुलांसाठीची मर्यादा १०० बेक्वेरेल असल्याने त्यांना ते पाणी देऊ नये, असे सांगण्यात आले. पाणी उकळून ही द्रव्ये जात नाहीत.

पिकांमध्ये मेथी, कोथिंबीर, पालक या पालेभाज्यांवर द्रव्य सर्वाधिक बसते. नाशिकहून रोज मुंबईला जाणाऱ्या भाजीच्या गाड्या तपासणी होईपर्यंत थांबवाव्या लागतील. जमिनीखालचा कांदा बराच सुरक्षित असतो आणि चाळीत साठवलेल्या कांद्याची वरची साल काढता येते. द्राक्षांचे नुकसान महिन्यावर अवलंबून राहील. पावसाळ्यात वेलींवर खरडछाटणीनंतरची पालवी असते, घड नसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र तयार घड मांडवावर उघडे असतात. कागदाने झाकलेले घड काही प्रमाणात बचावतात. कुठलेही पीक असो, शेतकऱ्याने पावसात अथवा लोट जात असताना शेतात जाऊ नये, एवढे बंधन कडकपणे पाळले गेले पाहिजे.

स्थलांतर आणि गर्दी. फुकुशिमाभोवती २० किमी.पर्यंतचा प्रदेश घाईने रिकामा करण्यात आला. रुग्णालये व वृद्धाश्रमांतील आजारी माणसांना तासन्‌तास बसमधून नेण्यात आले आणि त्यांतील अनेकांचा प्रवासात व नंतर मृत्यू झाला. स्थलांतर, औषधोपचारात पडलेला खंड व मानसिक ताण यांमुळे झालेल्या मृत्यूंची त्या प्रांतातील नोंद दोन हजारांच्या पुढे आहे. नामिए गावातील लोक तर वायव्येकडे, म्हणजे लोट ज्या दिशेला जात होता त्याच दिशेला गेले, कारण लोटाच्या मार्गाचा अंदाज त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. नाशिकमध्ये लोकांनी भीतीने मुंबई-आग्रा महामार्गावर गाड्या काढल्या, तर किरणोत्सर्गापेक्षा रस्त्यावरचे अपघातच अधिक बळी घेतील. सिंहस्थ पर्वणीच्या काळात हा प्रश्न सर्वांत बिकट होतो, कारण पर्वण्या पावसाळ्यात येतात आणि लाखो यात्रेकरू तंबूंत व घाटांवर असतात. ‘घरात थांबा’ ही सूचना त्यांच्यासाठी निरर्थक ठरते. २००३ च्या सिंहस्थात नाशिक शहरात चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले होते. त्यामुळे पर्वणीच्या नियोजनात पक्क्या आडोशाच्या जागा आणि एकाच अधिकृत आवाजातून मराठी व हिंदीत दिल्या जाणाऱ्या सूचना यांची सोय आधीच असायला हवी.

निर्बंध उठवणे. लोट ओसरल्यावर खरे लांबणारे काम मोजमापाचे असते. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी कोडेक्स या अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेने अन्नातील सिझियम-१३७ साठी दर किलोग्रॅमला १,००० बेक्वेरेल अशी मार्गदर्शक मर्यादा दिली आहे; जपानने अपघातानंतर सर्वसाधारण अन्नासाठी ती १०० वर आणली. फुकुशिमा प्रांतात २०१२ पासून पिकलेल्या तांदळाचे प्रत्येक पोते यंत्राखालून नेले गेले. शेतात पोटॅशियमयुक्त खत वाढवून पिकात शिरणारे सिझियम कमी करण्यात आले, आणि २०१५ च्या पिकापासून एकही पोते मर्यादेबाहेर गेले नाही. ग्राहक परत येण्यास मात्र त्याहून अधिक वर्षे लागली. लासलगाव, पिंपळगाव बसवंत व नाशिकच्या बाजार समित्यांत अशी तपासणी उभी करायची, तर गॅमा वर्णपटमापक (कोणते किरणोत्सर्गी द्रव्य किती आहे हे दाखवणारी यंत्रे), ते चालवणारी माणसे आणि तुलनेसाठी आजच्या माती-दूध-पिकांतील नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या नोंदी लागतील. यांपैकी शेवटची गोष्ट अपघातानंतर मिळवता येत नाही.